बेहड्याच्या ढोलीची मुदत

सह्याद्रीतल्या एका जंगलात, बेहड्याच्या उंच झाडावर, एक धनेश आपल्या बायकोसह भाड्याने राहत असे. ढोली सुतारपक्ष्याची होती. त्याने ती स्वतःच्या चोचीने कोरली होती आणि ‘थंडी सरेपर्यंत राहा’ एवढ्या बोलीवर धनेशाला दिली होती. भाडे रोजचे एक पिकलेले उंबर. मुलांनो, धनेशांची रीत तुम्हाला ठाऊक आहे का? अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. आत बसल्यावर तिची पिसे गळतात आणि नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. नर बाहेरून फळे आणून तिला भरवतो.

थंडी सरली तरी धनेश हलेना. हलणार तरी कसा? बायको आत लिंपलेली आणि पिल्ले नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली. इकडे सुतारपक्ष्याच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि तिला द्यायला त्याच्याकडे हीच एक ढोली होती. शेवटी चिडून त्याने म्हाताऱ्या वानराकडे तक्रार नेली. जंगलातले घरादारांचे तंटे तोच सोडवी.

सुनावणीच्या सकाळी सुतारपक्ष्याने धनेशाला वाटेतच गाठले. “धनेशराव, चारचौघांत कशाला उणंदुणं काढायचं? आपसात मिटवू. बहावा फुलला की तुम्ही ढोली सोडा, मी तक्रार मागे घेतो.”

धनेश फळे वाहून वाहून थकला होता आणि वानरासमोर उभे राहणे त्याला नकोच होते. शिवाय बाहेरचा व्यवहार बाहेरच्याने बघायचा, असा त्याचा खाक्या. तो लगेच म्हणाला, “ठरलं!”

दोघांनी ठरलेली तडजोड वानराला सांगितली, तेव्हा त्याने ओल्या चिखलाचा गोळा पुढे ठेवला. कबुली देणाऱ्याने त्यात चोचीचा ठसा उठवायचा, अशी तिथली पद्धत होती. तो म्हणाला, “बहाव्याची मुदत चुकली तर मी दुसऱ्यांदा ऐकून घेणार नाही. सुतार त्याच दिवशी तुझी भिंत फोडील. आत विचारलंस ना?”

“हो, हो, विचारलं,” असे म्हणून धनेश ठसा उठवून मोकळा झाला. विचारले मात्र नव्हते.

दुपारी फटीतून उंबर देताना त्याने मोठ्या ऐटीत बातमी सांगितली.

“अहो, या फटीतून मला बहावाच दिसतो,” ती म्हणाली. “त्याला कळ्या धरल्यात. माझ्या पंखाला अजून चार पिसंसुद्धा आली नाहीत. या पिल्लांना घेऊन मी जाऊ कुठे? एका शब्दानं विचारायचंत तरी.”

धनेशाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दिवसातून कितीदा तो त्या फटीशी येत होता, आणि एवढा एक प्रश्न तेवढा त्याने आणला नव्हता. तसाच तो वानराकडे गेला आणि आपण खोटे बोललो, हे त्याने कबूल केले.

वानराने वाळलेल्या चिखलाकडे बोट दाखवले. “ही कबुली माझ्यानं मोडवत नाही. सुतारानं मनावर घेतलं तरच नवी होईल. त्याला ढोलीपाशी ने. आणि या वेळी तू गप्प बस, तिला बोलू दे.”

सुतारपक्षी आला तो घुश्शातच. “कबुली म्हणजे कबुली!” तो म्हणाला.

“खरं आहे, सुतारदादा,” आतून आवाज आला. “घर तुमचं, आम्ही ते सोडणार. पण बहावा फुलल्यावर भिंत फोडलीत, तर माझी पिल्लं त्याच दिवशी जिवानिशी जातील. मला पहिलं जांभूळ पडेपर्यंत द्या. त्या दिवशी भिंत मी माझ्या चोचीनं फोडीन आणि ढोली झाडून तुमच्या लेकीच्या हवाली करीन. एक दिवसही वर मागणार नाही.”

सुतारपक्षी खोडावर उगाच टकटक करत राहिला. तोही बापच होता. “दिलं,” तो अखेर म्हणाला. “पण या झाडावर पुन्हा यायचं नाही. माझ्या लेकीला दरवर्षी हा तंटा नको.”

धनेशाचा जीव कासावीस झाला. धनेश वर्षानुवर्षे त्याच ढोलीत परततात, आणि ही तर त्यांची पहिलीच होती. पण आतून “कबूल” असा आवाज आला. फटीतून एक चोच बाहेर आली आणि वानराने धरलेल्या ओल्या चिखलात स्वतःच उमटली.

बहावा फुलला, झडला. पहिले जांभूळ पडले त्या दिवशी भिंत आतून फुटली आणि दोन पिल्लांमागून आई बाहेर आली. धनेशाने एकदाच मागे वळून पाहिले. सुताराची लेक दारात येऊन बसली होती. तिचा काही दोष नव्हता, तिच्या बापाचाही नव्हता, आणि हेच त्याला फार लागले.

पुढच्या थंडीत किंजळीच्या झाडावर त्यांना दुसरी ढोली सापडली. मालक पोपट म्हणाला, “करवंदं पिकली की जागा रिकामी करायची. ठरलं?”

धनेशाची चोच उघडली आणि मिटली.

“थांबा,” तो म्हणाला. “आत तिला बसायचंय. तिला विचारून सांगतो.”

तात्पर्य : घर सोडण्याची मुदत ज्याला पाळायची आहे, त्याला विचारल्यावाचून ती कबूल करू नये; तंटा मिटवण्याच्या घाईत दिलेल्या शब्दाचे फळ शेवटी घरच्यांनाच भोगावे लागते.