एक्का पालथा घालताना

एकदा एक वृद्ध खलाशी एका बाईला एक्का पालथा घालायला शिकवत होता. रोज संध्याकाळी तो तिच्या हातात पत्त्यांतले दोन एक्के द्यायचा आणि म्हणायचा, "ठेव." तिने ते टेबलावर पालथे ठेवायचे, पण आवाज होता कामा नये. जराही चापट वाजली की पुन्हा पहिल्यापासून. असा हा अभ्यास महिनाभर चालला. वेद शिकवणाऱ्या गुरूनेही संथा इतक्या वेळा घोकून घेतली नसेल.

खलाशाचे नाव जनार्दन भाटकर. तीस वर्षे त्यांनी मालवाहू बोटींवर सुकाणू धरले, म्हणून सारे गाव त्यांना सुखाणीकाका म्हणे. बाईचे नाव उल्का मयेकर. ती गावच्या पोस्टात काम करी. वय चौतीस, बुद्धी तल्लख, आणि स्वभाव असा की हातात चांगले पान आले की कान लाल व्हायचे. काका तिला पोकर शिकवत होते.

पोकर म्हटल्यावर काही वाचकांच्या भुवया वर गेल्या असतील. त्यांनी त्या खाली घ्याव्यात. या खेळात पैसा नव्हता. "लक्ष्मी टेबलावर पसरायची नाही," असे काकांच्या पत्नीने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावले होते. ती आता हयात नाही, पण काकांनी तिचा शब्द मोडला नाही. त्यामुळे सगळा खेळ चिंचोक्यांवर चाले. खेळही समजायला सोपा आहे. प्रत्येकाच्या हाती दोन पाने येतात, ती त्याची त्यालाच दिसतात. मध्ये पाच पाने हळूहळू उघडतात, ती सगळ्यांची. आपली दोन आणि मधली पाच यांतून ज्याची उत्तम पाच जमतील तो जिंकला. पाने उघडत जातात तसे चिंचोके पुढे सारायचे, नाहीतर आपली पाने पालथी घालून तो डाव सोडायचा.

आता पणाला काय लागले होते ते सांगतो. काकांची शेवटची बोट मोडीत निघाली, तेव्हा तिच्यावरची पितळी घंटा त्यांनी मागून आणली आणि गावच्या धक्क्यावर टांगली. समोर खाडी. घंटा वाजवली की पलीकडची होडी माणसे न्यायला यायची. पलीकडच्या गावचे लाकडाचे व्यापारी दाऊदशेठ मुकादम हे काकांचे बालपणापासूनचे मित्र. त्यांना घंटेचा मोह पडला. मग ठरले, की दरवर्षी नारळी पौर्णिमेला दुपारी खेळायचे, आणि जो जिंकेल त्याच्या धक्क्यावर वर्षभर घंटा. पहिल्याच वर्षी काका हरले. तेव्हापासून अकरा वर्षे घंटा पलीकडे होती, आणि अलीकडचे अख्खे गाव होडीला हाका मारत होते. बाजाराच्या दिवशी तर असा कल्लोळ होई, की पोस्टात उल्काला तिकीट मागणाऱ्याचा आवाज ऐकू येत नसे.

त्या वर्षी खेळाच्या दिवशी सकाळी काका म्हणाले, "हा माझा शेवटचा खेळ. परवा मुलीकडे इंदूरला चाललो, कायमचा. डोळे गेले, बदाम आणि चौकट एकच दिसायला लागलंय." ऐकून उल्काचे डोळे भरून आले. काका जातील ते आपल्या घंटेच्या आवाजात, असे तिने त्या क्षणी मनाशी ठरवून टाकले.

खेळ पलीकडच्या धक्क्यावर, जाळी ठेवायच्या पडवीत होता. दोन्ही बाजूंना चिंचोक्यांची सारखी रास. चहापर्यंत काकांनी खेळायचे, चहानंतर त्यांच्याच राशीवर उल्काने. दाऊदशेठ दोन्ही वेळा एकटेच. सूर्य पाण्याला टेकला की खेळ बंद, आणि ज्याची रास मोठी त्याची घंटा. पालथी घातलेली पाने कुणी उलटून बघायची नाहीत, हा तिथला दंडक होता.

उल्का काकांच्या मागे बसली होती. चहाच्या जरा आधी काकांच्या हाती किलवर आणि चौकट असे दोन एक्के आले. मध्ये पहिली तीन पाने उघडली, त्यांत इस्पिकचा एक्का! म्हणजे तीन एक्के झाले. उल्काने श्वास रोखला. एक्क्याच्या जोडीला बदामची नव्वी आणि पंजी होती. चौथे पान बदामचा गुलाम. पाचवे बदामची तिर्री. मध्ये चार बदाम होते, आणि काकांकडे एकही नव्हता. समोरच्याकडे एक बदाम असला, तरी एकाच रंगाची पाच पाने होतात आणि तीन एक्के खाली पडतात.

दाऊदशेठनी आपली सारी रास पुढे सारली. हा माणूस अकरा वर्षांत एकदाही खोटी पाने घेऊन पुढे आला नव्हता. लाकडात भेग असेल तर गिऱ्हाइकाला आधी दाखवणारा व्यापारी तो!

काका थोडा वेळ मधल्या पानांकडे बघत राहिले. मग त्यांनी आपले दोन्ही एक्के टेबलावर पालथे ठेवले. आवाज झाला नाही. एक तृतीयांश रास त्या डावात आधीच गेली होती.

चहाच्या वेळी दाऊदशेठनी काकांना बाजूला नेले आणि कानात काहीतरी सांगितले. काका मोठ्याने हसले, मित्राच्या पाठीवर थाप मारली, आणि येऊन नारळीभातावर असे तुटून पडले की बघत राहावे. उल्काने मात्र आपले ताट तसेच बाजूला सारले.

"काका, तीन एक्के होते," ती म्हणाली. "तीन! जन्मात कितीदा येतात? आणि तुम्ही भात काय खाताय?"

"भात चांगला झालाय गो," काका म्हणाले. तिचा चेहरा पाहून त्यांनी ताट खाली ठेवले. "हे बघ, पानं हातात आली तेव्हा मोठी होती. माझी पानं बदलली नाहीत, मधलं बदललं. आपण मात्र आपल्याच दोन पानांकडे बघत बसतो, का, तर ती आपली. एक्का आला की वाटतं, हा टाकला तर आपणच लहान झालो. म्हणून तुझ्याकडून महिनाभर एक्केच टाकून घेतले. दुर्री टाकायला काय, कुणीही टाकतो."

"पण त्यांच्याकडे बदाम नसला तर?"

काकांनी क्षणभर खाडीकडे पाहिले. "मधे चार बदाम, समोर दाऊदसारखा माणूस, आणि सगळी रास पुढे. अशी वेळ शंभरदा आली तर मी शंभरदा पान पालथं घालीन. त्यात पाच-सात वेळा फसेन. तेवढं फसायची तयारी नसेल, त्याने पान हातात घेऊ नये."

उल्काला ते पटले असे म्हणवत नाही. कुणाला पटले असते? पण ती उठली आणि काकांच्या जागेवर बसली.

ती सावधपणे खेळली. थोडे गेले, त्याहून जास्त आले. ऊन उतरू लागले तेव्हा दोन्ही राशी जवळजवळ बरोबरीला आल्या होत्या. आणि तिच्या हाती दोन राजे आले. मध्ये पहिलेच पान चौकटचा राजा. तिचे कान लाल झाले. मग किलवरची दश्शी, इस्पिकची अठ्ठी. मग बदामची नव्वी. शेवटी किलवरची सत्ती. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी अशी ओळच मध्ये लागली होती. समोर एखादा गुलाम किंवा छक्की असली की ओळ पुरी, आणि तीन राजे कवडीमोल.

दाऊदशेठनी सारी रास पुढे सारली.

तिच्या मनात काय काय आले ते तिने पुढे कधीतरी मला सांगितले. घंटा आली. परवा रिकाम्या धक्क्यावर उभे असलेले काका आले. चहाआधीचे तीन एक्के आले. त्यांचा सूड या तीन राजांनी घ्यावा, असेही वाटले. तिने मागे वळून काकांकडे पाहिले. ते नारळीभाताचे बोट चाटत दुसरीकडे बघत होते. मग तिने पुन्हा मधली पाने पाहिली, एकेक करून, जणू आपल्या हातात काहीच नाही. आणि तिने दोन्ही राजे पालथे घातले. आवाज झाला नाही.

खरे सांगतो, मला जिंकणाऱ्यांचे फारसे अप्रूप नाही. पाने चांगली आली की गाढवही जिंकते. पण डोळ्यांत पाणी असताना जिचा हात असा हलका राहतो, तिला मी मनातून नमस्कार करतो.

त्यानंतर तिच्याकडे मोठे पान आलेच नाही. राहिलेल्या चिंचोक्यांवर ती चिवटपणे बसून राहिली. सूर्य पाण्याला टेकायच्या बेताला असताना, दोन साध्या जोड्यांवर, दश्शी आणि चौकी, तिने शेवटचा मोठा डाव घेतला. राशी मोजल्या. तिच्याकडे नऊ चिंचोके जास्त होते.

दाऊदशेठनी स्वतः शिडीवर चढून घंटा काढली, पंच्याने पुसली आणि तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "पोरी, एक बोलू? आता खेळ संपला. मगाशी तू काय टाकलंस ते मी विचारणार नाही. पण माझ्याकडे गुलाम होता. आली असतीस तर तिथंच संपली असतीस."

उल्काचा चेहरा फुलला. "आणि काकांच्या वेळी बदाम होता ना?"

दाऊदशेठनी मान खाली घातली. "नव्हता. काहीच नव्हतं माझ्याकडे. उमरभरात पहिल्यांदा थाप मारली. सुखाणीचा शेवटचा खेळ, एकदा तरी त्याला फसवावं असं वाटलं. मग चहा उतरेना. तेव्हाच सांगून टाकलं त्याला."

परतीच्या होडीत उल्का घंटा मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला शंभरदा पालथं घालीन म्हणालात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तुम्ही फसला होतात."

"नुकताच."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू मधली पानं बघितली असतीस? माझी फजिती बघितली असतीस. दाऊद थाप मारतो एवढंच डोक्यात ठेवून राजे घेऊन पुढे गेली असतीस."

ती दचकली. "राजे होते, हे तुम्हाला कसं कळलं?"

"तुझे कान," काका म्हणाले. "ते काही मला शिकवता आले नाहीत."

ती हसली, आणि हसता हसता रडली. "राग नाही आला तुम्हाला?"

"आला तर! तीन एक्के होते गो. म्हणून तर दोनदा भात घेतला."

तिसऱ्या दिवशी सकाळी काका एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन धक्क्यावर आले. होडी पलीकडे होती. सवयीने त्यांनी हाक मारायला तोंडाशी हात नेला. उल्काने तो धरला आणि घंटेचा दोर त्यांच्यापुढे केला. त्यांनी मान हलवली. "तू वाजव."

तिला वाटले, ही घंटा वाजवली नाही तर होडी यायची नाही, काका जायचे नाहीत. अकरा वर्षांनी मिळवलेली वस्तू हातात होती, आणि तिचा पहिला उपयोग हा असा. तिने दोर हातात धरला, खाडीकडे पाहिले, काकांच्या ट्रंकेकडे पाहिले.

मग तिने घंटा वाजवली. पलीकडून होडी निघाली.

चांगले पान हातात असताना मधे काय उघडले आहे तेही बघावे, एवढेच.