आत्याची ओवी आणि मास्तरांचा कापूस

एकदा एका यंत्रमागांच्या गावात एक तरुण राहत असे. त्याला संगीतकार व्हायचे होते. पण गाणारा नव्हे आणि वाजवणाराही नव्हे. तो लॅपटॉपवर हाऊस म्युझिक करीत असे. हाऊस म्युझिक म्हणजे एकसारखा, न थांबणारा ठोका आणि त्यावर हळूहळू चढत जाणारे स्वर. ऐकणाऱ्याने बसून राहू नये, एवढीच त्या संगीताची अपेक्षा असते. आईला हे शेजारणींना समजावून सांगणे जड जाई, म्हणून ती "कॉम्प्युटरचं काम करतो" असे म्हणे. आणि ते काही खोटे नव्हते.

तरुणाच्या कानांवर मात्र लहानपणापासून पुष्कळ संस्कार झाले होते. भिंतीपलीकडे वडिलांचे चार माग दिवसभर खडखडत. गल्लीत हलगी घुमे. बहिणीच्या लग्नात आत्याने जात्यावर हळद दळताना म्हटलेल्या ओव्या त्याने फोनमध्ये उतरवून घेतल्या होत्या. शिवाय दूरदेशीच्या हाऊसवाल्यांची जुनी गाणी त्याला पाठ होती. या सर्वांवर त्याचा जीव होता, आणि यांतल्या एकालाही विसरायचे नाही असा त्याचा निश्चय होता. लॅपटॉपच्या पडद्यावर प्रत्येक आवाजाची एक रंगीत पट्टी दिसते. कुठे पट्टी नसलेली जागा दिसली की त्याला आपण आळस केल्यासारखे वाटे आणि तो तिथे काहीतरी आणून बसवी. असे करता करता त्याच्या एका गाण्यात एकेचाळीस पट्ट्या झाल्या.

हे गाणे त्याने एकदा शहरातल्या नृत्याच्या कार्यक्रमात वाजवलेही. दोन मिनिटांत सभागृह रिकामे झाले. बाहेरच्या भेळवाल्याचा तो दिवस फार चांगला गेला.

काही महिन्यांनी आयोजकाचा पुन्हा फोन आला. "रविवारी पाच वाजता अर्धा तास देतो. लोकांच्या ओळखीचंच लाव. स्वतःचं लावायचं असेल तर लाव बाबा, पण परत हॉल रिकामा झाला तर तिसऱ्यांदा माझा फोन येणार नाही."

तरुणाला स्वतःचेच लावायचे होते. ते का फसते हे मात्र कळत नव्हते. रविवारला चार दिवस उरले तेव्हा तो लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन आपल्या जुन्या गुरूंकडे गेला. ते एका ब्रास बँडचे मास्तर होते. पन्नास वर्षे त्यांनी लग्नाच्या वराती वाजवल्या होत्या, आणि या तरुणाला लहानपणी दोन वर्षे क्लॅरिनेट शिकवण्याचा प्रयत्न केला होता.

अंगणात पापड चालले होते. मास्तरीणबाई, शेजारच्या हौसाक्का आणि घरातली नवी सून अशा तिघी एकेक पाय लांब करून पोळपाट-लाटणे घेऊन बसल्या होत्या.

"मास्तर, माझं गाणं जरा ऐकता का?"

"ऐकतो की. त्यासाठीच आलायस न्हवं?" असे म्हणून मास्तर देवघरात गेले, वातींच्या कापसाचे दोन बोळे घेऊन आले, दोन्ही कानांत घट्ट बसवले आणि स्पीकरकडे पाठ करून बसले. "हं, लाव आता."

तरुणाचा चेहरा पडला.

"अहो, पोरगं एवढ्या लांबून आलंय," मास्तरीणबाई म्हणाल्या, "तोंडदेखलं तरी ऐका!"

"काय?" मास्तर ओरडले.

"काही नाही!"

तरुणाने गाणे लावले. सहा मिनिटे मास्तर फरशीकडे पाहत बसले. गाणे संपले तेव्हा त्यांनी कापूस काढला.

"सुरुवात झकास आहे. वडलांचे माग ना? कापसातूनही कळतात. पण दोन मिनिटं झाली आणि सगळे थांबले."

"कोण थांबले? इथं कोणी नाचतच नव्हतं."

मास्तरांनी तिघींच्या लांब केलेल्या पायांकडे बोट दाखवले. "हौसाक्काचा अंगठा आधी थांबला, मग आमच्या हिचा. सूनबाईनं सगळ्यात जास्त वेळ धीर धरला."

सुनेने मान आणखी खाली घातली. नव्या सुनेने मान खालीच ठेवायची असते; पायातल्या जोडव्यांना मात्र तसे कोणी शिकवलेले नसते, आणि ती पहिली दोन मिनिटे फरशीवर टकटक वाजत होती, हे खरे होते.

"आता नुसती तुझी आत्या ऐकव," मास्तर म्हणाले. "बहिणीच्या लग्नात फोनमध्ये घेत होतास ना, तशीच."

तरुणाने मूळ ओवी लावली. आत्या दोन ओळी म्हणे, मग गप्प होई. नुसती जात्याची घरघर ऐकू येई. मग पुढच्या दोन ओळी.

"ही मधली जागा तुझ्या गाण्यात कुठं गेली?"

"ती कापली. तिथं आत्या काहीच म्हणत नाही. पडद्यावर रिकामं दिसत होतं."

हौसाक्कांनी लाटणे खाली ठेवले. "अरे बाबा, मग जात्यात वैरण कोण घालणार? तुझा कॉम्प्युटर? हळदीची मूठ टाकायची तर बाईनं थांबायला नको? दमही तेव्हाच घेतात. तुझी आत्या आहे का गिरणीचा भोंगा?"

मास्तर मनापासून हसले. मग म्हणाले, "बाळ, आपण वाजवलेलं आपल्याला फार गोड लागतं. म्हणून वरातीत मी कानात कापूस घालून, नाचणाऱ्यांकडे तोंड करून उलटा चालायचो. पाय कोणाचा मान राखत नाहीत. पटलं तर उचलतात, नाही तर थांबतात. आमच्या बँडातल्या दस्तगीरचं क्लॅरिनेट म्हणजे मध. म्हणूनच मी त्याला दोन चौक गप्प चालवायचो. शिव्या द्यायचा मला! पण तिसऱ्या चौकात त्यानं सूर लावला की मुलीचा बापसुद्धा फेटा सावरत नाचायचा. तू वडील, आत्या, गल्ली, परदेशचे पाहुणे, सगळ्यांना एकदम बोलायला उभं केलंस. माया खरी आहे तुझी. पण आत्याचा आवाज तेवढा घेतलास आणि तिचं थांबणं फेकून दिलंस. शिकण्यासारखं होतं ते तिथंच होतं."

"मग यातलं कोणाला काढू?"

"काढतोस कशाला? एकेकाला बोलव. बाकीच्यांना थांबायला सांग."

पुढचे तीन दिवस तरुण त्या अंगणातच बसला. पडद्यावर पाहण्याऐवजी तो पापड लाटणाऱ्या पायांकडे पाही. त्याने आत्याच्या ओवीतली जागा परत आणली आणि तिथे फक्त मागांचा ठोका राहू दिला. हलगी चार मिनिटांपर्यंत येऊच दिली नाही. तिला थांबवताना त्याला अगदी पाहुण्याला दारात ताटकळत ठेवल्यासारखे वाटले.

शनिवारी पापड संपून कुरडया सुरू झाल्या. गाणे चालू असता हौसाक्का एकाएकी म्हणाल्या, "अरे, तो हलगीवाला कधी यायचा? मघापासून वाट बघतेय मी!"

मास्तरांनी तरुणाकडे पाहिले. "झालं तुझं काम. आता घरी जा आणि जरा झोप काढ."

रविवारी पाच वाजता तरुणाने स्वतःचे गाणे लावले. सुरुवातीला मिनिटभर केवळ ठोका होता. थोडे पाय हलले, मग आणखी थोडे. मग आत्याच्या दोन ओळी आल्या, आणि त्यानंतर ती मोकळी जागा.

त्या वेळी त्याचे काळीज असे धडधडले की ठोका कोणता आणि काळीज कोणते हे त्याला कळेना. आयोजक दाराशी हाताची घडी घालून उभा होता. बोट पुढे करून हलगी आताच आणावी असा मोह तरुणाला झाला. पण त्याने दोन्ही हात मागे घेतले.

आणि त्या जागेत लोकांनी टाळ्या धरल्या. कोणी सांगितले नव्हते. पुढच्या रांगेतली एक मुलगी ठोक्याच्या किंचित मागे टाळी देत होती, कोणी शीळ घातली, आणि कोणीतरी आत्याची ओळ आपल्या बेसूर आवाजात पुन्हा म्हटली. या आवाजांची पट्टी त्याच्या पडद्यावर कुठेही नव्हती. त्याने कितीही रात्री जागून त्या जागेत काही भरले असते, तरी हे आवाज तिथे आले नसते.

आयोजकाची घडी सुटली होती. तो डाव्या पायाने ताल देत होता आणि आपल्याला कोणी पाहत नाही अशा समजुतीत होता.

तरुण हसला, आणि त्याने हलगीला आणखी एक फेरी थांबवून ठेवले.

ज्यांच्याविषयी आपल्याला फार काही सांगायचे असते, त्यांच्याविषयी बोलतानाही मध्ये थोडे थांबावे. ऐकणाऱ्यालाही काही म्हणायचे असते.