मांजराला गाठ सोडता येत नाही

“मग फाटकाची गाठ सोडतं तरी कोण, अक्का?”

अक्कांनी सुपातून डोळे वर केले नाहीत. तांदळातला एक खडा वेचला, बाजूला टाकला.

“तुझा संशय कुणावर आहे?”

“सगळ्यांवर.”

“माझ्यावरही?”

रंगराव गडबडला. “छे, छे! तुमच्यावर कसा घेईन?”

“का नाही?”

…

मुळासकट उकरलेली वांग्याची रोपं हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. अक्का पुढचा खडा शोधू लागल्या.

रंगराव शेडगे पोलिसात जमादार होता. उभी हयात चौकीत गेली. निवृत्त झाला तशी वर्दी उतरली, पण नजर काही उतरली नाही. घरी आल्यावर तो दुधाच्या पातेल्याला आतून कोळशाची रेघ ओढून ठेवायचा आणि दुपारी जाऊन बघायचा, दूध रेघेखाली गेलं का. सून हे बघत होती. बरेच दिवस काही बोलली नाही. मग एके सकाळी तिनं चहाची कपबशी त्याच्यापुढे ठेवली, आणि बशीशेजारी कोळशाचा खडा.

“मामंजी, प्यायच्या आधी रेघ ओढून घ्या.”

मुलगा तिथंच होता. तो वर्तमानपत्र वाचत राहिला. पान काही उलटलं नाही.

त्यानंतर घरात रंगरावाशी कोणी वाकडं बोललं नाही. सरळही बोललं नाही. शेवटी एक दिवस पिशवी भरून तो कोळेघाटला आला, भागीरथीअक्कांच्या मठात.

मठ म्हणजे नदीच्या चढावर दोन खोल्या, एक उंबराचं झाड आणि त्याला टांगलेली घंटा. अक्का प्रवचन करत नसत. कोणी दुखणंखुपणं सांगितलं तर ऐकून घेत, बस्स. रंगराव पाया पडून म्हणाला होता, “मला दीक्षा द्या.”

अक्कांनी त्याच्या हातात खुरपं दिलं होतं.

तेही त्यानं मनावर घेतलं. मठामागची पडीक जागा खणली, ढेकळं फोडली, माती चाळून घेतली. वाफे असे आखले की सुतार लाजावा. मेथी, कोथिंबीर, चाकवत, वांगी. मठात येणाऱ्या प्रत्येकाला तो हाताला धरून वाफे दाखवायला न्यायचा. अशी माती आसपासच्या कुठल्या मळ्यात नाही, असं म्हणायचा. आणि ते खरंही होतं.

मांजरांनाही ते पटलं.

मठाला लागून भोयांची आळी. नदीतले मासे धरायचे, बाजारात न्यायचे, हा तिथला धंदा. मासे तिथं मांजरं आलीच. ती सकाळी वाफ्यात यायची, मऊ माती उकरायची, आपलं उरकायची, वर माती ओढून निघून जायची. कोवळी रोपं उताणी पडलेली असायची. ऊन चढलं की एखादी पिवळी मांजरी कोथिंबिरीवर पसरून खुशाल झोप काढायची.

रंगरावानं तिखट भुरभुरलं. लसणाचं पाणी शिंपडलं. मग बाभळीच्या काट्यांचं दाट कुंपण घातलं, बांबूचं फाटक बसवलं आणि त्याला सुतळीची गाठ मारली. चौकीत मुद्देमालाच्या पोत्याला मारायचा, तसली गाठ.

दुसऱ्या सकाळी गाठ सुटलेली होती. फाटक उघडं. वाफे उकरलेले.

त्यानं पुन्हा गाठ मारली. पुन्हा सुटली.

आणि इथंच रंगरावाच्या अंगात जमादार परत आला. त्याला बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. कितीतरी दिवसांनी पायाखाली ओळखीची जमीन लागली होती.

“मांजराला गाठ सोडता येत नाही, अक्का,” तो म्हणाला. “हे माणसाचं काम आहे.”

“असेल,” अक्का म्हणाल्या.

“तुम्हाला काही वाटत नाही त्याचं?”

“तांदळात खडे फार आहेत,” अक्का म्हणाल्या.

त्याचा संशय फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन थांबत होता. इठाबाई भोई. आळीतल्या पहिल्याच घरातली, एकटी राहणारी. रोज उजाडायच्या सुमाराला ती नदीवरून मठासाठी पाण्याची घागर आणायची. कोणी सांगितलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं आणत होती. ती पिवळी मांजरी तिच्याच पायरीवर जेवायची. आणि घागर घेऊन मठाकडे येणारी वाट फाटकाजवळूनच जात होती.

वर ती त्याच्याकडे बघून हसायची. “काय जमादार, मेथी कुठवर आली?”

निर्दोष माणूस एवढा हसत नाही, असं रंगरावाचं नोकरीतलं मत होतं.

त्यानं चुलीतली राख चाळली आणि संध्याकाळी फाटकाच्या आत पसरली. पांढरी, सपाट, पिठासारखी. पहाटे कंदील घेऊन गेला तेव्हा राखेत मांजरांची पावलं होती, गुलाबाच्या पाकळ्या पडाव्यात तशी. आणि त्यांच्यामध्ये एक माणसाचा पाय. अनवाणी, लहानखुरा, बोटं फाकलेली. बाईचा.

त्यानं त्या पावलावर डालगं पालथं घातलं आणि सकाळच्या आरतीची वाट बघत बसला.

आरतीला भोयांची आळी आली. इठाबाईही आली, डोक्यावर घागर. रंगराव वाटेत आडवा उभा राहिला.

“आज कोणी आत जायचं नाही. आधी एकेकानं इकडं यायचं आणि राखेत पाय उमटवायचा.”

लोक एकमेकांकडे बघू लागले.

“कशापायी?” कोणीतरी विचारलं.

“ज्याचा जुळेल त्याला कळेल कशापायी.” त्यानं डालगं उचललं आणि सरळ इठाबाईकडे पाहिलं. “इठाबाई, तुमच्यापासून सुरुवात करू.”

इठाबाई जरा पुढं झाली. वाकून तिनं राखेतलं पाऊल नीट बघितलं. मग रंगरावाकडे बघितलं. चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं.

“तुमाला मी चोर वाटते, जमादार?”

“वाटण्याचा प्रश्न नाही. पाय ठेवा, म्हणजे झालं.”

“हितं मी पाया पडाय येते,” इठाबाई म्हणाली. “पाय मोजून द्याय न्हाई.”

तिनं घागर उतरवली, उंबराच्या बुंध्याशी टेकवली आणि मागं वळली. तिच्यामागून बायका गेल्या. बायकांमागून पुरुष. कोणी शिवी दिली नाही, कोणी आवाज चढवला नाही. अंगण रिकामं झालं.

“बघा!” रंगराव म्हणाला. “बघा अक्का, पाय ठेवला नाही! याचा अर्थ काय होतो?”

अक्का खोलीच्या दारात उभ्या होत्या. हळूहळू पायऱ्या उतरून आल्या. फाटकाशी येऊन राखेतल्या त्या पावलाकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. मग लुगडं जरासं वर धरलं, आपला उजवा पाय नेमका त्या पावलावर ठेवला आणि टाच गर्रकन फिरवली.

“हा माझा आहे,” त्या म्हणाल्या.

…

रंगरावानं खाली पाहिलं. पाऊल उरलं नव्हतं. नुसती विस्कटलेली राख होती.

“तुमचा?”

“माझा.”

“गाठ तुम्ही सोडत होता?”

“मांजराला येत नाही, असं तूच म्हणालास.”

“पण का, अक्का? आणि मग मघाशी का नाही बोललात? सगळ्यांसमोर मी त्या बाईला…”

अक्का बुंध्याशी टेकलेल्या घागरीकडे बघत होत्या.

“उद्यापासून पाणी तुला आणावं लागेल,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो पाणी आणू लागला. नदीचा चढ दमवणारा होता; वाटेत दोनदा घागर उतरवावी लागायची. आरतीला आता दोघंच. अक्का आरती म्हणायच्या, हा घंटा वाजवायचा, आणि घंटेचा आवाज रिकाम्या अंगणात फिरून परत यायचा. आळीतले लोक मठावरून जाताना मान खाली घालत. पिवळी मांजरीसुद्धा फिरकेनाशी झाली. वाफे शाबूत होते. मेथी तरारून आली होती. ती कोणाला दाखवायची, हा प्रश्न होता.

रंगरावाला झोप लागेना. ज्याचा छडा लागला होता तो गुन्हाच राहिला नव्हता, आणि जी शिक्षा झाली होती ती भलत्याच माणसाला. असं चौकीत कधी झालंच नसेल का? हा विचार आला की तो कूस बदलायचा.

शेवटी एका सकाळी तो आळीत गेला. इठाबाई दारात बसून जाळं दुरुस्त करत होती. तिनं त्याला ‘या’ म्हटलं नाही, आणि ‘जा’ही म्हटलं नाही.

“चुकलो, इठाबाई.”

ती जाळ्याचे दोरे ओवत राहिली. “चोर घावला?”

“सापडला.”

“कोन?”

रंगरावानं आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या दारांतून माणसं डोकावू लागली होती. अक्कांचं नाव घेतलं तर हे लोक काय म्हणतील? म्हातारीनं स्वतः गाठ सोडली आणि आमची अब्रू जाताना दारात उभं राहून बघितली, असंच ना? परत कधी ते मठाची पायरी चढतील?

“मीच,” तो म्हणाला.

इठाबाईचे हात थांबले.

“माझंच पाऊल होतं ते. पहाटे अर्धवट झोपेत गेलो असेन. ध्यानात राहिलं नाही.”

ती त्याच्याकडे बघू लागली. ही नजर रंगरावाला चांगली ठाऊक होती. टेबलाच्या पलीकडे उभ्या केलेल्या कितीतरी माणसांकडे त्यानं असंच पाहिलं होतं, पापणी न लववता. आपल्यावर ती पडली तर अंगाला घाम फुटतो, हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

“खरं?”

“खरं.”

“दावा पाय.”

रंगरावानं चप्पल काढली आणि पाय तिच्या उंबऱ्याजवळ ठेवला. लांबरुंद पाय. बुटात आयुष्य काढल्यानं बोटं एकमेकांवर चढलेली. आंधळ्यानंही चाचपून सांगितलं असतं की राखेतलं पाऊल हे नव्हे.

इठाबाईनं वाकून नीट पाहिलं. त्या दिवशी राखेकडे पाहिलं होतं, तेवढाच वेळ.

“व्हय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “ह्योच हाय.”

…

रंगरावानं पाय मागे घेतला. तिच्याकडे वर बघायचं धाडस त्याला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना उंबराच्या बुंध्याशी भरलेली घागर होती. त्या आठवड्यात हळूहळू आळीही आरतीला आली.

अक्कांनी रंगरावाला नदीची वाळू आणायला सांगितली आणि कुंपणाबाहेर, भिंतीच्या कडेला, कोरड्या उन्हाच्या जागी तिचा ढीग घालायला लावला. वाफ्यात रोपांमधल्या मोकळ्या मातीवर उसाचं पाचट अंथरलं, वरून पाणी मारलं.

“याचा काय उपयोग?” त्यानं विचारलं.

“मांजराला ‘नको’ म्हटलेलं कळत नाही,” अक्का म्हणाल्या. “‘इथं’ म्हटलेलं कळतं.”

मांजरं परत आली. ओल्या पाचटावर पाय ठेवून त्यांनी तो झटकला आणि वाळूकडे वळली. एखादं चुकार मांजर अजूनही वाफ्यात शिरायचं, एखादं रोप जायचं. रंगराव ते पुन्हा लावायचा. फाटकाला त्यानं गाठ मारायची सोडून दिली होती.

एवढं सगळं झालं, तरी आळीत एक कुजबुज उरलीच. जमादार बोलला ते खरं नसणार. झोपेत कोणी असली गाठ सोडतं? त्यानं जाणूनबुजूनच केलं असेल. इठाबाईला मठातून घालवायचं असेल, पाण्याचा मान घ्यायचा असेल. तो समोर आला की बोलणं थांबायचं. मेथीच्या जुड्या वाटायला गेला, तेव्हा एका म्हातारीनं जुडी घेतली, पण आधी उलटीसुलटी करून बघितली.

त्या संध्याकाळी तो अक्कांच्या पायरीशी येऊन बसला. नदीवर कोणीतरी होडी ओढून घेत होतं.

“अक्का, लोक माझ्यावर संशय घेतात.”

“हं.”

“मी काहीही सांगितलं तरी जाणार नाही तो आता.”

“नाही जाणार.”

“तुम्ही विचारलंही नाही, इठाबाईला मी काय सांगून आलो ते.”

“काय सांगितलंस?”

“पाय माझा होता, असं. खोटं बोललो, अक्का. तुमचं नाव यायला नको, म्हणून. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतला. खरं फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तो पाय तुमचा होता.”

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं.

…

“आणि मी खरं बोलले,” त्या म्हणाल्या, “हे तुला कोणी सांगितलं?”