कोऱ्या टाकांची भिंत

वेळूखोऱ्याच्या मागच्या टेकडीवर टेकाईचे लहानसे देऊळ आहे. देवळात पाहण्यासारखे फार काही नाही. लोक एवढी चढण चढून येतात ते मागच्या भिंतीसाठी. त्या काळ्या दगडी भिंतीत ओळीने खिळे ठोकलेले आहेत आणि प्रत्येक खिळ्याला दोऱ्याने एकेक टाक बांधलेला आहे. देव्हाऱ्यात पुजतात तो टाक, म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा. त्यावर देवाचा किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचा चेहरा उठवलेला असतो. इथल्या टाकांवर मात्र काहीही नाही. नाक नाही, डोळे नाहीत, कुंकू नाही. चारएकशे कोरे पत्रे वाऱ्याने एकमेकांवर आपटत असतात.

देवळाची झाडलोट तानूबाई गुरवीण करतात. आलेल्याला आधी पाणी देतात, मग पायरीवर बसवतात आणि मग ही कथा सांगतात. मध्येच उठून गेलेले त्यांना चालत नाही.

फार पूर्वी या गावात कोंडशेट नावाचा सोनार होता. त्याची बायको साळू ऐन तारुण्यात वारली. वर्षाच्या आत त्याच्या आईने त्याचे दुसरे लग्न ठरवले. नवरीचे नाव गिरजा. त्या काळी रीत अशी होती, की पहिलीच्या नावाचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा. पहिलीचा आत्मा नव्या संसाराकडे पाहून जळतो, तो दुसरीला सुखाने नांदू देत नाही, म्हणून त्याला चांदीत बसवायचे आणि गळ्यात वागवायचे. लग्न पुरुषाने करायचे आणि त्याच्या पहिल्या बायकोची भीती मात्र दुसरीने छातीवर बाळगायची, हे कसे, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. आजही फारसे कोणी विचारत नाही.

कोंडशेट हाताचा कसबी होता. इतरांचे टाक तो ठशावर ठोकून देई. साळूचा टाक मात्र त्याने पत्रा राळेच्या मऊ थरावर बसवून बारीक छिन्नीने आठ दिवस घडवला. किंचित डावीकडे कललेले नाक, ओठाखालचा तीळ, हसताना बारीक होणारे डोळे. पाहणारा म्हणे, साळू आता बोलेल.

तो टाक घालून गिरजा नांदायला आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आले, की नवरा बोलताना तिच्या तोंडाकडे पाहत नाही. तो तिच्या गळ्याकडे पाहतो. "जेवण झालं का," असे तो तिथे विचारी. "आज थकलीस," असेही तिथेच म्हणे.

घरात नवे लुगडे आले की आधी टाकाला लावायचे, मग गिरजाने नेसायचे. सणाचा पहिला घास टाकाला. जिवंत सवत असती तर गिरजा भांडली असती. तिची भाकरी कधी करपली असती, तिचे केस कधी पिकले असते, ती कधीतरी सासूला उलट बोलली असती. ही सवत काहीच चुकत नव्हती. गिरजा आरशासमोर उभी राहिली तरी आधी दिसे ती साळू, हसत असलेली.

तिसऱ्या वर्षी गिरजाला मुलगी झाली. सासूने बाळ उजेडात धरले आणि ती ओरडलीच, "अगं बया! ओठाखाली तीळ! माझी साळू आली परत."

बाळंतिणीच्या अंगात त्राण नव्हते, तरी ती उठून बसली. "सासूबाई, साळूबाई हिच्यात आल्या असतील, तर मग माझ्या गळ्यात कोण आहे?"

"तिथं पण तीच."

"एक जीव दोन ठिकाणी?"

"थोडी तिथं, थोडी इथं," सासू म्हणाली. "तुला काय करायचंय? तू पोरीला पाज."

तानूबाई इथे हटकून थांबतात. आम्ही काही जण वर गेलो होतो, त्या दिवशी आमच्यातल्या एकाने विचारले, "पण मावशी, आत्मा चांदीच्या पत्र्यात राहीलच कसा?" तानूबाईंनी त्याच्या हातातल्या मोबाईलकडे बोट केले. "तुझा त्यात राहतो, तसा. मघापासून चार वेळा काढून बघितलास, आहे का गेला ते."

नवरा गिरजाचा नव्हताच. आता मुलगीही तिची राहिली नाही. त्या दिवसापासून गिरजाच्या मनात हेव्याने घर केले. टाक रोज घासून लख्ख ठेवणे हे दुसरीचे काम. ती रिठा आणि राखेने घासत असे. आता ती राखेत नदीची बारीक वाळू मिसळू लागली. अंगठ्याने ती साळूचे नाक घासायची, मग डोळे, मग तो तीळ. रोज थोडे थोडे. सासू कौतुकाने म्हणायची, "काय चकचकीत ठेवलाय गं टाक!" गिरजा मान खाली घालून घासत राहायची. असे सांगतात, की हे सात वर्षे चालले होते.

सातव्या वर्षी मुलीला ताप भरला. पाच दिवस उतरेना. ती कोणाला ओळखेना, भलत्याच माणसांशी बोलू लागली. टाकाला साकडे घालावे म्हणून सासूने तो गिरजाच्या गळ्यातून काढून डोळ्यांजवळ नेला. वर्षानुवर्षे तिला नुसती चमक दिसत होती. आज तिने बोट फिरवले. बोटाला काहीच लागले नाही.

"तोंड कुठंय? गिरजे, साळूचं तोंड कुठंय?"

गिरजाने मुलीला पोटाशी ओढले.

"तिला राहायला जागा उरली नाही," सासू रडू लागली. "म्हणून ती सगळीच्या सगळी पोरीत शिरतेय. पोरीचा जीव बाहेर काढतेय! कोंडू, ऊठ. दिवस मावळायच्या आत नवा टाक कर, नाहीतर पोर हाताची जाईल."

कोंडशेट पेढीवर बसला. पत्रा राळेवर ठेवला, छिन्नी उचलली आणि तसाच थांबला. थोड्या वेळाने त्याने एक नाक काढले. ते त्याच्या आईचे होते. तो पत्रा त्याने फेकला. दुसऱ्यावर डोळे काढले, ते कोणाचेच नव्हते. तिसऱ्या पत्र्यावर त्याचा हात चाललाच नाही. दहा वर्षे तो टाकाकडे पाहत आला होता, साळू त्याला कधीच आठवावी लागली नव्हती. आणि टाक झिजत गेला तशी त्याच्या मनातली साळूही झिजत गेली. त्याला ते कळलेही नाही.

"मला ती आठवत नाही," तो म्हणाला. त्याने छिन्नी खाली ठेवली.

सासूलाही आठवेना. तीळ होता, एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

गिरजाला मात्र आठवत होते. नाक कुठून कलते, डाव्या डोळ्याचा कोपरा उजव्यापेक्षा किती खाली आहे, हसल्यावर गाल कुठे फुगतो, हे सगळे तिच्या अंगठ्याला पाठ होते. त्या गावात साळूचा चेहरा आता एकाच माणसाजवळ उरला होता, तिच्या वैरिणीजवळ. तिने तोंड उघडले नाही, तर साळू कायमची संपणार होती. जे सात वर्षे हवे होते, ते आता फक्त गप्प बसून मिळत होते. आणि आतल्या खोलीत तिची मुलगी धापा टाकत होती.

गिरजाने राळेवरचा कोरा पत्रा उपटला, मुलीला खांद्यावर घेतले आणि टेकडी चढू लागली. सासू आणि नवरा मागे धावले. गाव जमले. देवीसमोर मुलीला ठेवून गिरजा सगळ्यांदेखत म्हणाली, "मी घासलं तिचं तोंड. वाळू घालून घासलं. मला ती नको होती."

गावात एकदम गलका झाला. कोणीतरी दगडही उचलला, असे म्हणतात. पण गिरजा गावाशी बोलतच नव्हती.

"साळूबाई," ती म्हणाली, "नाक घासलं, डोळे घासले. नवऱ्याच्या मनातनंही तुम्हाला पुसून टाकलं. तुम्ही तोंडात असता, तर कधीच संपला असता. आणि हे म्हणतात, तुम्ही अजून आहात, माझ्या पोरीचा जीव घेताय. असाल, तर तोंडावाचून आहात. ज्याला तोंड नाही त्याला नवरा कुठला? सासर कुठलं? लुगडं कुठलं, आणि सवत तरी कुठली? जळत तुम्ही नव्हता, बाई. जळत मी होते. माझंच जळणं मी गळ्यात बांधून हिंडत होते."

मग ती रडली. रडत रडत तिने भिंतीच्या फटीत एक काटा रोवला आणि तो कोरा पत्रा त्याला अडकवला. "जा आता. माझी पोर मला ठेवा, आणि तुम्ही मोकळ्या व्हा."

दिवस मावळता मावळता मुलीला घाम सुटला, ताप उतरला आणि तिने प्यायला पाणी मागितले. ताप चढण चढतानाच उतरू लागला होता, असेही काही जण सांगतात. तानूबाई दोन्ही सांगतात आणि निवड ऐकणाऱ्यावर सोडतात.

गिरजाने पुन्हा गळ्यात टाक घातला नाही. आता कोंडशेटला तिच्या तोंडाकडे पाहून बोलावे लागले. म्हातारपणी तो तिला विनवायचा, "एकदा सांग गं, कशी दिसायची ती? मी टाक करणार नाही. नुसतं सांग." गिरजा म्हणायची, "छान होती." याहून अधिक एक शब्द तिने मरेपर्यंत सांगितला नाही. आत्म्याला तिने मोकळे केले, चेहरा मात्र स्वतःबरोबर नेला.

आजही वेळूखोऱ्यात दुसरेपणावर आलेली नवरी गळ्यात टाक घालत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या मंगळवारी ती कोरा पत्रा घेऊन एकटी वर येते, पहिलीला नावाने हाक मारून तो टांगते आणि "मोकळ्या व्हा" म्हणते. नवऱ्याला त्या दिवशी पायथ्याशीच थांबावे लागते. आत्मा निराकार असतो, हे इथल्या बायकांना कोणत्या कीर्तनातून शिकावे लागत नाही.

आम्ही उठलो तेव्हा तानूबाई भिंतीच्या कडेला गेल्या आणि एक जुना, काळपट टाक त्यांनी उलटापालटा करून पाहिला.

"हा कुणाचा, मावशी?"

"माझ्या सवतीचा. पंचेचाळीस वर्षं झाली मला हा इथं टांगून." त्यांनी पदराने तो पुसला, पुन्हा उजेडात धरला. "आत्म्याला तोंड नसतं, हे मला पाठ आहे बाबा. येणाऱ्याजाणाऱ्याला मीच सांगते." त्या जरा हसल्या. "तरी झाडायला आले की आधी इथं येते. बघते, नाक-डोळे उगवले नाहीत ना."