अळंबेरावांचा कारभार

एका रानात ऐनाचं एक थोरलं झाड होतं. त्यावर इतकी बिऱ्हाडं झाली की झाडाला एक कारभारी हवा, असं ठरलं. उमेदवार दोन. एक तुरतुरी खार. फांदी कुठे किडली की ती रानभर ओरडून सांगायची. दुसरे अळंबेराव, ते बुंध्याला चिकटून असायचे आणि काहीच सांगायचे नाहीत.

त्यांच्या वतीने कोंडाजी कावळा बोलायचा. "बंधूंनो, तुलना करा! ही बाई सकाळी या फांदीवर, दुपारी त्या फांदीवर. आमच्या साहेबांनी जन्मात जागा सोडली नाही!"

"अहो, पण ते झाड खातायत!" तुरतुरी म्हणाली.

"खातात, पण कधी आवाज आला?" कोंडाजी गरजला.

टाळ्या पडल्या. घुबडआजोबांनी भरदुपारी मत दिलं, म्हणजे डोळे मिटूनच. अळंबेराव प्रचंड मतांनी आले.

मग विकास सुरू झाला. बुंध्यावर रोज नवी छत्री. साल गळू लागली, तेव्हा 'झाड कात टाकतंय' असं जाहीर झालं. तुरतुरीने खोड ठोकून पोकळ आवाज ऐकवला, तेव्हा ती झाडद्रोही ठरली.

"पोकळ नाही गं, प्रशस्त म्हण," शेजारची साळुंकी म्हणाली. तिला आत मोठी ढोली मिळायची होती.

एका संध्याकाळी वारा सुटला आणि खोड करकरलं. एकेक पिल्लू तोंडात धरून तुरतुरीने पलीकडच्या जांभळीवर नेलं. शेवटच्या खेपेला ती साळुंकीच्या दारात थांबली.

"अगं, निघ आता!"

"तू जा. पळपुट्यांना झुळूकही वादळ वाटते."

पहाटे झाड कोसळलं. साळुंकी उडाली. तिची अंडी उडू शकली नाहीत.

आडव्या खोडावर उभा राहून कोंडाजी सांगत होता, "पूर्वी गरिबाला घरी जायला चढावं लागायचं. साहेबांनी घर जमिनीवर आणलं!"

"झाड पडलं कशाने?" तुरतुरीने विचारलं.

"हो, कशाने?" साळुंकीने विचारलं. जमावात चुळबुळ झाली.

कोंडाजीने तिथल्या तिथे चौकशी समिती नेमली. अध्यक्षपद अळंबेरावांना मिळालं, कारण घटनास्थळी ते सुरुवातीपासून हजर होते.