प्रीतिभोजनाचा हंडा

एक होता राजा. पण आपली गोष्ट त्याची नाही बरं का, तो तर सुरुवातीलाच वारला. पोरंबाळं नव्हती. मागे राहिले दोन पुतणे. एकाच्या निशाणावर छत्री, दुसऱ्याच्या निशाणावर भोपळा. झालं! सगळ्या राज्यात कुणी छत्रीवाले, कुणी भोपळेवाले.

त्या राज्यात येशूला मानणारं एक गाव होतं. तिथं कापणीच्या सणाला देवळामागे तांब्याचा थोरला हंडा चढायचा. घराघरातून मूठमूठ तांदूळ यायचा आणि सारं गाव एका पंगतीत जेवायचं. ते प्रीतिभोजन.

गाव सगळं छत्रीवालं. भोपळेवाली एकटी केझिया. तिची धाकटी बहीण सलोमी समोरच्याच घरात राहायची. सलोमी तशी भित्री, भांडं पडलं तरी दचकायची. पण एकदा रागाच्या भरात बोलून गेली, "भोपळेवालीच्या हातचं आम्ही खात नाही!" तेव्हापासून केझियाचं दार बंद.

केझिया पहाटे दळताना भजन म्हणायची. पहिली ओळ तिची, दुसरी सलोमीची, असं लहानपणापासूनचं. आता सलोमी आपल्या दारात उभी राहून पहिली ओळ ऐकायची आणि दुसरी गिळून टाकायची. रोज.

मग आला कापणीचा सण. हंडा चढला, जाळ पेटला, पण पाण्याला आधण येईना! कुणी म्हणालं लाकडं ओली आहेत, म्हणून सुकी घातली. पाळकबाबांनी प्रार्थना केली. तरी पाणी गारच. शेवटी म्हाताऱ्या पौलिनाबाई म्हणाल्या, "कुणाची मूठ राहिली रे?"

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "केझिया आज गाव सोडतेय. गाडी जुंपायला सांगितलीय."

सलोमीनं ते ऐकलं मात्र, ती थेट केझियाच्या दारात धावली.

"अक्का, मूठभर तांदूळ दे."

"माझ्या हातचं चालतं होय तुम्हाला?" दार धाडकन बंद. सलोमी अशी दचकली, की पायरीवरच बसली.

मग तिनं काय केलं? आपल्याच कणगीतला तांदूळ घेतला, हंड्यात टाकला आणि म्हणाली, "ही अक्काची मूठ." हंडा काही फसला नाही, बरं का. उलट असा गारठला, की त्याच्या अंगावर दहिवर आलं.

मग ती पुन्हा केझियाकडे गेली. बैल जुंपलेले, ट्रंक गाडीत, केझिया वर बसलेली. सलोमीनं गाडीचं चाक धरलं.

"अक्का, तांदूळ नको. तू ये."

"मी भोपळाच म्हणणार."

"म्हण."

"पंगतीत बसून म्हणीन."

"ओरडून म्हण! मला तुझा भोपळा पटत नाही, मरेपर्यंत पटायचा नाही. पण वाईट बोलले गं मी. तू समोर नसलीस की घास उतरत नाही."

केझिया खाली उतरली. चपला गाडीतच राहिल्या. तशीच अनवाणी चालू लागली. सलोमी मागे मागे, श्वास धरून.

देवळामागे येताच वाढायला उभा असलेला याकोब गुरगुरला, "ही कशाला इथं?"

पाळकबाबा म्हणाले, "पंगत प्रभूची आहे, याकोबा. तू नुसता वाढपी."

पौलिनाबाईंनी विचारलं, "मूठ आणलीस का गं?"

केझियानं हात पुढे केले. रिकामे! "अगं बाई, तांदूळ घरीच राहिला!"

सलोमीनं डोळे गच्च मिटून घेतले. आणि हंड्यातून आवाज आला, बुड... बुडबुड... रटरट! झाकण असं नाचायला लागलं, की याकोबानं वर धोंडा ठेवला तेव्हा कुठं थांबलं.

मग सगळे जेवले. दोघी शेजारी बसल्या. एक म्हणे भोपळा, एक म्हणे छत्री. पंगत उठली तरी त्यांचं संपेना. भांडता भांडता केझियानं आपल्या पानातला भात बहिणीच्या पानात लोटला आणि सलोमी तो खात खात रडली.

गाडीवानानं बैल सोडून दिले.

राजा कोण झाला म्हणता? झाला कुणीतरी. गाव मात्र सुखानं नांदलं. चला, आता पाय पांघरुणात घ्या, आणि मघाशी भांडलात ना दोघं, तर जरा जवळ सरका. हं. झोपा.