सात कोसांचा तट

एका राज्यात डोंगरापासून नदीपर्यंत सात कोसांचा मातीचा तट होता. त्याच्या अलीकडे शूरपाळ राजाची द्वाही फिरे, पलीकडे भेसूर नावाच्या मांत्रिकाचे रान होते. भेसूराने शाप घातला, आणि रोज सूर्य उगवताच तट दहा पावले राज्याच्या आत सरकू लागला. पाहता पाहता तीन गावे मांत्रिकाच्या मुलखात गेली.

राजाने सैन्य पाठवले. सरकत्या मातीवर भाला काय करणार? तेव्हा धोंडाई बेलदारीण कुदळ घेऊन निघाली. तिच्या पूर्वजांनीच तो तट रचला होता.

तटावरची टिटवी बोलली, “शापाचा हंडा तटाच्या पोटात पुरला आहे. तीन पहारे आहेत. जाशील?”

“माझ्या घरच्यांचे काम आहे. जाईन.”

पहिला पहारा शिळेचा. ढकलावी तितकी ती जड होई. धोंडाईने ढकललीच नाही. खालची माती उकरली, आणि शिळा आपणच त्या खड्ड्यात गडगडली.

आत नाग बसला होता. त्याने विचारले, “ही भूमी कोणाची?” याआधी ‘माझी’ म्हणणारे सारे तिथेच मातीचे पुतळे होऊन उभे होते.

धोंडाई म्हणाली, “ज्यांनी डोक्यावरून वाहिली, त्यांची.”

नागाने वाट दिली.

तिसरा पहारा सोन्याचा. हंडा काठोकाठ भरलेला, आणि आतून भेसूराचा आवाज आला, “हे ने. तुझ्या कुळात पुन्हा कोणी टोपली उचलणार नाही.”

धोंडाईचे गुडघे ठणकत होते. क्षणभर तिला लेकीसुनांच्या मानेवरचे घट्टे आठवले. मग तिने कुदळ उगारली.

“टोपली उचलली म्हणून सात कोस उभे राहिले. आम्हाला तिची लाज नाही!”

हंडा फुटला. सोन्याची राख झाली, पुतळ्यांची माणसे झाली. तट गडगडत जुन्या जागी परतला आणि बळकावलेल्या गावांत उभ्या भेसूराला त्याच्या रानात लोटून स्थिरावला. तिन्ही गावे पुन्हा राज्यात आली.

शूरपाळ राजा पालखी घेऊन आला. “धोंडाई, माग. हवे ते देतो.”

“महाराज, तटाचा माथा झिजला आहे. एक टोपली माती आपण टाकावी.”

दरबारी चपापले. राजाने मुकुट उतरवून प्रधानाच्या हाती दिला, टोपली डोक्यावर घेतली आणि चढ चढला. माती ओतून तो धापा टाकत उभा राहिला.

धोंडाईने ती तळहाताने थोपटली, निरखून पाहिली.

“बसली नीट,” ती म्हणाली. “आता हा तट आपलाही झाला, महाराज.”